वळ्याची आतली धार

१

शेवटच्या फेरीचे सातवे वळण घेताना भिंगरीच्या गाडीच्या मागल्या डाव्या चाकाचे वळे निसटले, आणि हातभर लांबीची ती गाडी, जिच्यापायी तिने तीन वर्षे रक्ताचे पाणी केले होते, गोदामाच्या भिंतीवर आपटून काड्यापेटीसारखी उकलली. प्रेक्षकांतून कोणीतरी हसले. दुसऱ्याची फजिती पाहून येणारे हसू माणसाला आवरत नाही, हे सत्य कटू असले तरी सत्यच आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. या गाड्या रिमोटवर चालतात आणि सरळ धावण्यात त्यांची मुळीच प्रतिष्ठा नाही. वळणावर गाडीने आडवे व्हावे आणि आडवेपणीच लोण्यावरून सुरी फिरावी तसे घसरत जावे, यास ड्रिफ्ट म्हणतात. रबराचे चाक जमिनीला धरून बसते, म्हणून हे लोक रबर काढून टाकतात. पाण्याच्या कडक प्लास्टिक पाइपाचे वळे कापायचे, लेथवर केसाच्याही फरकाविना कातायचे, उकळत्या पाण्यात बुडवून फुगवायचे आणि चाकावर दाबून बसवायचे. निवले की ते चाकाला आवळून धरते. बोटे गाडी चालवतात, परंतु शर्यत चाकच जिंकते.

मापसाहेब आपल्या टेबलामागून उठले आणि भिंतीपाशी वाकले. एकतीस वर्षे वजनमापे खात्यात तपासनीस म्हणून काढलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर या क्लबात गाड्यांचे वजनमाप करीत असत, म्हणून त्यांचे नावच मापसाहेब पडले होते. त्याच दिवशी सकाळी भिंगरीची चारही चाके त्यांनी स्वतः तोलली होती. गुंजेचाही फरक नव्हता. वळे हाताने ओढून पाहिले, तेव्हा ते जागचे हलले नव्हते.

आता ते वळे त्यांच्या तळहातावर होते आणि अजून कोमट होते. त्याच्या आतल्या अंगाला पांढरट साय धरली होती. त्यांनी नखाने ती खरवडली, बोटांत चोळली आणि नाकाशी नेली.

ते मेण होते. आणि त्या मेणात करड्या धातूचा बारीक कीस चमकत होता.

२

भिंगरी भिंतीशी बसून तुकडे गोळा करीत होती. तिचे खरे नाव क्लबात कोणी घेत नसे. लहानपणी बापाच्या लेथपाशी गोल गोल फिरायची, म्हणून बापानेच भिंगरी म्हटले आणि तेच चिकटले. वय सत्तावीस. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, आणि मापसाहेबांना तेच अधिक वाईट वाटले.

"भिंगरे, वळं आतून अर्धा मिलिमीटर जास्त कातलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "मोकळी जागा मेणाने भरलीय. थंड असताना घट्ट. तीन-चार मिनिटं घसरलं, तापलं, की मेण पातळ होऊन सुटतं."

"म्हणजे माझी चूक नाही."

"चूक नाहीच. कोणीतरी ठरवून केलंय."

तिने पहिल्यांदा मान वर केली. "मग शर्यत परत होईल?"

तोच खरा प्रश्न होता. दूरच्या शहरातल्या गाड्यांच्या कारखान्याचा माणूस त्या दिवशी मुद्दाम आला होता. जो जिंकेल त्याला कारखान्याच्या चाक-विभागाची जबाबदारी आणि राहायला घर मिळणार होते. आजवर बापाच्या पत्र्याच्या शेडमध्ये हात काळे केलेल्या मुलीसाठी हे आकाश ठेंगणे करणारे होते. क्लबाचा नियम मात्र कठोर होता, आणि तो मापसाहेबांनीच लिहिला होता. परक्याने घात केला तर शर्यत पुन्हा घ्यावी. आपल्याच घरातल्या किंवा चमूतल्या माणसाने केला तर निकाल कायम.

कारखान्याचा माणूस घड्याळ पाहत म्हणाला, "उद्या बाराला मी निघतो. तोवर काय ते शोधा. मला जिंकणारा हवा, रडणारा नको."

मापसाहेबांनी वळे रुमालात गुंडाळले. मेण आणि शिशाचा कीस ही जोडी त्यांना नवी नव्हती. फार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या दुकानात त्यांनी अठरा वजने पकडली होती. बुडातून कातून पोकळ केलेली आणि मेणाने बुजवलेली. नुसत्या मेणाने वजन हलके भरते, म्हणून तपासनिसाच्या तराजूवर जे वजन ठेवायचे, त्याच्या मेणात शिसे मिसळत. व्यापाऱ्याला शिक्षा झाली. वजने कातणारा कारागीर सापडला नाही, असे दप्तरात नमूद आहे.

याचा अर्थ ज्याने हे केले, त्याने केवळ भिंगरीला फसवले नव्हते. त्याने मापसाहेबांच्या तराजूला जाणून बुजून हुलकावणी दिली होती.

चाकांचा डबा आदल्या दिवसापासून लेथच्या शेडमध्ये होता. तिथे भिंगरीखेरीज तिघेच येऊन गेले होते. एक तिचा बाप, दुसरा तिचा नवरा, आणि तिसरा, शनिवारी ड्रिलचे टोक मागायला आलेला पॉलिशवाला. आणि आज भिंगरी हरल्यामुळे जो जिंकला, तो हाच पॉलिशवाला होता.

३

पॉलिशवाल्याचे लाकडी फर्निचरचे दुकान गोदामाला लागूनच होते. दारातच मेणाचा आणि टर्पेंटाइनचा उग्र दर्प आला. कोपऱ्यात खुर्च्यांचे पाय कातायचा लेथ. साहित्य सगळे हाताशी आणि फायदाही त्याचाच. आरोपी जणू तयार होऊन बसला होता.

"या, मापसाहेब. बेड्या आणल्यात की नुसताच तराजू?"

"वळ्यात मेण सापडलं."

"सापडणारच. या गावात मेण म्हटलं की माझंच नाव. उद्या मधमाशी चावली तरी लोक माझ्याकडे येतील." तो हसला, पण हसू ओठांपलीकडे गेले नाही. "मला जिंकायचं होतं साहेब, लपवत नाही. पण असं जिंकलं की घरी बायकोसुद्धा टाळी वाजवत नाही."

"शनिवारी शेडमध्ये किती वेळ होतास?"

"भिंगरीवहिनींच्या वडिलांनी, टर्नरमामांनी, चहा पाजला तेवढा. डबा बघितला, हात नाही लावला. वहिनींचा डबा आहे तो, हात लावला तर हात तोडतील."

मापसाहेबांनी त्याचे एक वळे मागून घेतले आणि त्यावरून बोट फिरवले, तो कडेला बोट कापलेच. लेथवर काही कातले की कडेला बारीक करकरीत धार उभी राहते. कारागीर तिला बर म्हणतात.

"बर काढत नाहीस?"

"कशाला? चार फेऱ्यांत जमीनच खाऊन टाकते." त्याने स्वतःचा चिंधी बांधलेला अंगठा दाखवला. "आपला प्रसाद आपणच घेतो."

"आणि आतली?"

"आतली कोण बघतंय?"

मापसाहेबांनी रुमालातले मेण पुन्हा हुंगले. त्याला टर्पेंटाइनचा वास मुळीच नव्हता. साधी मेणबत्ती. परंतु चतुर माणूस आपल्या दुकानातले मेण कशाला वापरील? ते एवढ्यावर कोणालाही निर्दोष म्हणायला तयार नव्हते.

ते उठले तसा पॉलिशवाला मागून म्हणाला, "साहेब, घरात बघा आधी. दादा परवा काय बोलले ते सगळ्या क्लबाने ऐकलंय."

४

दादा म्हणजे भिंगरीचा नवरा. तो पार्सलच्या कचेरीत होता, आणि दोघे तिच्या बापाच्याच घरी राहत, त्यामुळे सगळे त्याला जावईबापू म्हणत. त्या शब्दात आदर कमी आणि टोमणा अधिक होता.

"हो, बोललो," तो पार्सलांवर शिक्के मारता मारता म्हणाला. "बायकोच्या मागे पिशव्या उचलत जाणार नाही, असं म्हणालो. चार लोकांत म्हणालो. तिकडे जाऊन मी करू काय? तिच्या चाकांत हवा भरू? तीपण नसते त्यात."

"म्हणजे ती हरली ते बरं झालं."

शिक्का हवेतच थांबला. "मापसाहेब, शनिवारी मी राजीनामा लिहून खिशात टाकला होता. ती जिंकली असती तर आज दिला असता." त्याने खिशातून घडी पडून मऊ झालेला कागद काढून टेबलावर टाकला. "तिला सांगू नका. सांगितलं तर वाटेल, मी तिच्यावर उपकार करतोय."

कागदावर शनिवारची तारीख होती. तारीख काय, कोणीही कोणतीही घालतो. तरी त्यांनी विचारले, "लेथ चालवता येतो?"

"सासऱ्यांनी एकदा शिकवायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बापू, तुम्ही शिक्केच मारा."

तिथून मापसाहेब संध्याकाळच्या उन्हात लेथच्या शेडवर गेले. भिंगरीचा बाप, ज्याला सगळे टर्नर म्हणत, स्टुलावर बसून वळ्यांच्या ढिगातून एकेक वळे उचलीत होता. अंगठा बाहेरून फिरवायचा, मग आतून फिरवायचा, आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचे. डोळे समोरच्या पत्र्यावर.

"कोण? साहेब? चपलेवरून ओळखलं," तो म्हणाला. "काचबिंदू. उजव्यात थोडी सावली राहिलीय. डॉक्टर म्हणाला, गेलेलं येत नाही, राहिलेलं जपा."

"चालतं कसं मग?"

"भिंगरी कातते, मी बोटाने तपासतो. तिचे डोळे, माझे अंगठे. दोघांचा मिळून एक टर्नर." त्याने हातातले वळे डावीकडे ठेवले. "पोर सकाळपासून उपाशी आहे हो. कोणी केलं असेल?"

"तुम्हाला कोण वाटतं?"

"मला दिसतं कुठे, की मी नाव घेऊ?"

भिंगरीने आतून उरलेली तीन चाके आणून दिली. "चारही वळी मीच कातली. शुक्रवारी. एकाच पाइपाची, एका दमात. बाबांना तपासायला न देता लगेच चाकांवर चढवली."

मापसाहेबांनी तिच्यादेखत तिन्ही वळी चाकांवरून उतरवली. बाहेरची कड साफ होती. आतली कड करकरीत होती, बोटाला लागली.

"आतली बर काढत नाहीस?"

"वेळ कुठे असतो? चाकावर बसल्यावर दिसतेय कोणाला?" ती कंटाळून म्हणाली.

त्यांनी रुमालातले चौथे वळे काढले. डोळे मिटले आणि अंगठा आतून फिरवला. एक फेरा, दोन फेरे. आतली कड रेशमासारखी मऊ होती.

घात करायला कातलेल्या वळ्याची धार कोणीतरी प्रेमाने मोडली होती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सगळे गोदामात जमले. कारखान्याचा माणूस बॅग घेऊनच आला होता.

"मेण म्हणजे पॉलिशवाला, यात शोधायचं काय राहिलं?" तो म्हणाला.

"पाच मिनिटं द्या," मापसाहेब म्हणाले. त्यांनी पॉलिशवाल्याचे कालचे करकरीत वळे काढून त्याच्याच हाती दिले. "हे वळं कसं आहे, सांग."

पॉलिशवाल्याने ते उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. "गोल आहे. माझंच दिसतंय."

मग ते जावईबापूंच्या हाती गेले. त्यांनी ते बोटावर किल्लीसारखे गरगर फिरवले, कापले तसे "आई गं" म्हणून बोट चोखले आणि वळे परत दिले.

मग मापसाहेबांनी ते टर्नरच्या तळहातावर ठेवले आणि काहीच विचारले नाही.

अंगठा बाहेरून फिरला. मग आतून फिरू लागला, आणि अर्ध्यावर थांबला. टर्नरचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात गेला. तिकोनी कानशीचे दात घासून केलेली बोटभर पाती बाहेर आली, आणि पत्र्याच्या छपराकडे चेहरा करून बसलेल्या त्या आंधळ्या माणसाने परक्याच्या वळ्याची आतली धार सरसर मोडून टाकली. मग फुंकर मारली. मग पुन्हा अंगठा फिरवला. चाळीस वर्षांच्या सवयीचा हात. त्याला कोणी विचारले नव्हते आणि त्याने कोणाला विचारले नाही.

भिंगरी त्या पातीकडे पाहत होती.

मापसाहेब टर्नरला हाताला धरून कोपऱ्यात घेऊन गेले.

"पॉलिशवाला आतली बर काढत नाही," ते म्हणाले. "भिंगरी काढत नाही. जावयाला लेथ येत नाही. शर्यत संपल्यावर वळी चाकावरून बोटांनी उपसतात, आणि ती बोटं तिची असतात. गाडी फोडायला वळं कातलंत, आणि तिचं बोट कापू नये म्हणून धार मोडलीत. शिशाचं मेण या गावात दोघांनाच ठाऊक. एक मी. दुसरा तो, ज्याने ती अठरा वजनं कातली."

टर्नर नकार देईल, असे त्यांना वाटले होते. तो सुटकेचा श्वास सोडून म्हणाला, "वळं अंगठ्याच्या अंदाजाने कातलं, पण बर मोडल्याचं मलाही आठवत नाही बघा. हाताने केलं असेल." मग त्याने चाचपून मापसाहेबांची बाही पकडली. "तेव्हा मला सोडलंत. घरात चार दिवसांची पोर होती, म्हणून दप्तरात नाव घातलं नाहीत. आता पकडा. सगळ्यांसमोर नाव घ्या."

"काय बोलता हे?"

"नियम तुमचाच ना? घरच्याने केलं तर निकाल कायम. मग ती जात नाही. साहेब, वर्षभरात उरलेली सावलीही जाईल. मी त्या शेडमध्ये एकटा अंगठे फिरवत बसू? कशावर?"

गुन्हेगार शिक्षा मागत होता, कारण सत्य हेच त्याच्या गुन्ह्याचे अर्धे राहिलेले काम होते.

६

ते वळले तो भिंगरी मागेच उभी होती. तिने ऐकले होते.

"पॉलिशवाल्याचं नाव घेतलं तर शर्यत परत होते ना?" तिचा आवाज लेथच्या पात्यासारखा सपाट होता.

"होते."

"आणि त्याचं काय?"

"क्लबातून कायमचा बाहेर. दुकानाची अब्रूही जाईल."

ती क्षणभर पॉलिशवाल्याकडे पाहत राहिली. तो अंगठ्याची चिंधी सोडून पुन्हा बांधत होता.

"घ्या त्याचं नाव," ती म्हणाली.

"भिंगरे..."

"एकदा खोटं लिहिलंत ना बाबांसाठी? मी तर तेव्हा चार दिवसांची होते, मी मागितलंही नव्हतं. आज मागतेय."

तराजूच्या दोन्ही पारड्यांत पाप असेल तर काटा कुठे थांबवावा, हे वजनमापे खात्यात शिकवीत नाहीत. मापसाहेबांना वाटले, सत्तावीस वर्षांपूर्वी एक नाव लिहायचे राहिले नसते, तर आज ही मुलगी इथे अशी उभी नसती. दुसऱ्यांदा तेच करण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते. ते टेबलाशी गेले आणि जे होते ते सांगितले.

पॉलिशवाल्याने अंगठ्याच्या चिंधीची गाठ दाताने आवळली. जावईबापूंचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"पण ती बिचारी निर्दोष आहे," मापसाहेब कारखान्याच्या माणसाला म्हणाले. "चाक तिचं उत्तम होतं. तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं," त्याने बॅग उचलली. "जिच्या घरातलंच माणूस तिची चाकं सैल करतं, तिच्या हातात मी विभागाच्या किल्ल्या देऊ? उद्या म्हातारा तिकडेही येईल." आणि त्याने पॉलिशवाल्याशी हस्तांदोलन केले.

टर्नर स्टुलावर बसून होता. लेक आपल्या दिशेने येते आहे हे त्याला पावलांवरून कळले, आणि त्याचा चेहरा उजळला.

"घरी चला, बाबा," भिंगरी म्हणाली. तिने त्याच्या मांडीवरची पाती उचलून आपल्या पिशवीत टाकली.

चार महिन्यांनी क्लबाच्या वार्षिक तपासणीसाठी मापसाहेब शेडवर गेले. पॉलिशवाला केव्हाच दूरच्या शहरी रवाना झाला होता. जावईबापू अजून शिक्के मारीत होते. शेडमध्ये काम जोरात होते. भिंगरी लेथवर, बाप स्टुलावर, मध्ये वळ्यांचा ढीग.

"मापसाहेब आले, बाबा," ती न वळता म्हणाली. तिने त्यांना बसा म्हटले नाही.

टर्नरने मान हलवली. आता उजव्यातली सावलीही गेली होती. त्याच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या होत्या, आणि वळे जोखायचे म्हणून त्याने उजव्याची चिंधी सोडून ठेवली होती. त्याने एक वळे उचलले. अंगठा बाहेरून फिरला, आतून फिरला, थबकला. त्याने तो पायजम्याला पुसला. त्या जागी पायजमा तपकिरी आणि ताठ झाला होता. मग वळे उजवीकडे ठेवून त्याने पुढचे घेतले.

मापसाहेबांनी ढिगातले एक वळे हाती घेतले. दोन्ही कडा करकरीत होत्या. पूर्वी बाहेरची तरी मोडलेली असे.

पाती कुठे आहे, हे त्यांना वर पाहताच दिसले. लेथच्या वर, डोळस माणसाचा हात सहज पोहोचेल अशा खिळ्याला ती टांगलेली होती.

"टर्नर," ते न राहवून म्हणाले, "पाती मागत का नाही?"

टर्नरने उत्तर देण्याआधी लेथचा आवाज ऐकला. तो चालू होता.

"मागितली, तर पोर निघून जाईल," तो म्हणाला, आणि पुढच्या वळ्याकडे हात केला.

भिंगरीने लेथ थांबवला. ताजे कातलेले, अजून गरम वळे तिने कापडाने धरून आणले आणि मापसाहेबांच्या तराजूत ठेवले.

"बघा," ती म्हणाली. "बरोबर आहे ना?"

मापसाहेबांनी काटा पाहिला. गुंजेचाही फरक नव्हता.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

तिने वळे उचलून बापाच्या उघड्या तळहातावर ठेवले.